शहात्तर वर्षांचे मालक

आमच्या मालकांचं वय अठ्ठावन्न. आधार कार्डावर शहात्तर. मधली अठरा वर्षं त्यांनी एका दुपारी, चहा यायच्या आत पार केली.

झालं असं, की पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि आमच्या गावातली माणसं भराभर म्हातारी व्हायला लागली. आमचं गाव मिरजगावपासून सहा किलोमीटर. तोवर गावात पंचाहत्तरी गाठलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातलीही निम्मी खाटेवर. महिनाभरात बावीस नवे म्हातारे तयार झाले. त्यातल्या एकाचे सख्खे वडील अजून सत्तरीतच होते. लांबच्या कुठल्याशा गावात एक कॉम्प्युटरवाला वय वाढवून देतो अशी बातमी लागली होती. सकाळी इथून जीप भरून माणसं जायची आणि संध्याकाळी तीच जीप आजोबा भरून परत यायची.

मालक निघाले तेव्हा मी विचारलं होतं, "तुमाला काय कमी हाय? दारात गाडी हाय. एसटीनं कशाला फिरायचं?"

"सगळेच करायलेत," मालक म्हणाले.

आमच्या भागात या वाक्यापुढं कुणाचं काही चालत नाही. माझंही चाललं नाही. पण म्हातारं होणं वाटतं तितकं सोपं नसतं. मालक दर रविवारी केस काळे करतात, त्यामुळे कंडक्टर कार्डाकडं बघायचा, मग डोक्याकडं बघायचा, मग पुन्हा कार्डाकडं. यावर मालकांनी तोडगा काढला. एसटीनं जायचं असेल त्या दिवशी टोपी घालायची, बाकीचे दिवस केस मिरवायचे. नगरला जाऊन आले की शून्य रुपयांचं तिकीट खिशातून काढून पारावरच्या लोकांना दाखवायचे, जसं काही एसटी महामंडळानं त्यांचा सत्कारच केला.

आता माझ्याबद्दल. मी मालन, मालकांची बायको. वय चोपन्न, आणि ते सगळ्या कागदांवर चोपन्नच आहे. मी फार सत्यवादी आहे म्हणून नव्हे. माझ्या कागदांची कधी कुणाला गरजच पडली नाही, म्हणून ते खरे राहिले.

मिरजगावला हायवेच्या कडेला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. पाटीवर मालकांचं नाव, मालकांचा फोटो. सकाळी आठला शटर मी उचलते. गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं आणि विचारतं, "मालक न्हाईत का?" मी सांगते, नगरला गेलेत. "मग थांबतो," म्हणत ते बाकावर बसतं. बसल्या बसल्या वेळ जावा म्हणून लिंबाची पानं कशी वळतायत, कांद्याचे शेंडे कसे पिवळे पडतायत ते सांगतं. मी औषध काढून देते, पंपाला किती टाकायचं ते पुड्यावर लिहून देते. ते घेऊन जातं. आठ दिवसांनी मालक भेटले की त्यांचा हात हातात घेऊन म्हणतं, "सूर्यभानराव, काय औशिद दिलं तुमी, लई गुन आला." मालक मान हलवतात. मान हलवणं त्यांना चांगलं जमतं.

खताच्या कंपन्या दरवर्षी विक्रेत्यांसाठी स्कीम काढतात. इतके टन विका आणि फिरायला चला. मागं एकदा मालक थायलंडला जाऊन आले होते. ती स्कीम फक्त विक्रेत्यांसाठी होती, आणि विक्रेता म्हणजे ज्याचं नाव दुकानाच्या लायसनवर आहे तो. टन मी विकले होते. मला हत्तीचं चित्र असलेली किल्ली अडकवायची कडी मिळाली. यंदा मात्र कंपनीला पहिल्यांदाच बायका आठवल्या. मुंबई ते गोवा, मोठ्या जहाजातून, दोन रात्री, सपत्नीक.

मला जायचं होतं. हे सरळच सांगते, उगाच लाजायचं काही कारण नाही. चोपन्न वर्षांत मी देवाला गेले, लग्नांना गेले, दवाखान्यात गेले आणि मयतीला गेले, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या हातात कुणाचा ना कुणाचा डबा होता. जहाजावर म्हणे सगळं त्यांचंच असतं, जेवण, नाश्ता, चहा. दोन दिवस मला कुणी भाकरी मागणार नव्हतं. तेवढ्यासाठी मी त्या हंगामात विद्राव्य खताच्या गोण्या अशा काही विकल्या, की शेवगावचे अजिनाथ, जे दरवर्षी पहिले यायचे, ते दुसरे आले. आणि सरस्वती हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी पास झाले.

मग कागद सुरू झाले.

कंपनीचे अमृतसाहेब म्हणजे तिशीतला एक पोरगेलासा माणूस. मोटारसायकलवर चार तालुके फिरतो आणि सगळ्यांना ताई, दादा म्हणतो. त्यांनी विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला, दोघांच्या आधार कार्डाचे फोटो पाठवा. मालकांनी मला न विचारता पाच मिनिटांत पाठवून दिले. इतक्या तत्परतेनं त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. पंधरा दिवसांनी तिकिटं आली. त्यावर माझं नाव, चोपन्न. खाली सूर्यभान, शहात्तर, ज्येष्ठ नागरिक.

"बग, तितंबी मान हाय," मालक म्हणाले.

आमची धनश्री पुण्यात नोकरी करते. तिला तिकिटाचा फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला. "आई, पप्पांचं वय बघितलंस का? पंचाहत्तरच्या वर असेल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. नसेल तर चढू देत नाहीत, असं नियमांत लिहिलंय."

"चढू देत न्हाईत म्हंजे?"

"म्हणजे खालूनच परत पाठवतात."

मी लगेच अमृतसाहेबांना फोन लावला. म्हटलं, साहेब, वय चुकलंय, तेवढं दुरुस्त करा. ते म्हणाले, "ताई, आता नाही होत. नावं जहाजावर गेलीत. आणि यांचं रद्द केलं तर तुमचंही रद्द होईल, जोडप्याची स्कीम आहे ना ही." म्हणजे मालक चढले तर मी चढणार, मालक खाली राहिले तर मीही खाली. लग्नात अंतरपाटाच्या पलीकडं उभी होते तेव्हा हे कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं.

निघायला चार दिवस होते. मी मालकांना हाताला धरून मिरजगावच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर वीस वर्षांपासून ओळखतात. त्यांनी छाती तपासली, बीपी बघितलं, पायऱ्या चढायला लावल्या आणि खूश होऊन लिहून दिलं, प्रकृती उत्तम, वय अठ्ठावन्न.

"डॉक्टर, तेवढं शहात्तर करा," मालक हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सूर्यभानराव, शहात्तरच्या वयाला तुमच्यासारखी छाती असली तर मला तुम्हाला नगरला दाखवायला न्यावं लागेल. मी बीपी लिहून देतो. जन्म नाही लिहून देत."

अठ्ठावन्नचं सर्टिफिकेट आणि शहात्तरचं तिकीट घेऊन आम्ही घरी आलो. मी म्हटलं, आता काय करायचं? मालक म्हणाले, "तितं बगू. कोन बगतंय?" एकाच दमात ते दोन्ही बोलले, तिथं बघू आणि कोण बघतंय, आणि दोन्हींत काही विसंगती आहे असं त्यांना अजिबात वाटलं नाही. मी चार दिवस नीट जेवले नाही. नवी साडी घेतली होती, ती पिशवीतून काढायची, बघायची आणि पुन्हा आत ठेवायची.

जायच्या आदल्या दिवशी मालकांनी केस काळे केले. मिशासुद्धा. मी म्हटलं, एवढे दिवस राहू द्या पांढरे, टोपी तरी घ्या. तर म्हणाले, "फोटो निगतेत तितं. अजिनाथ काय म्हनंल?"

अजिनाथ आणि त्यांची बायको सुरेखा आमच्याच ट्रॅव्हलर गाडीत होते. सगळा रस्ता मालकांनी अजिनाथना कुठलं खत कधी मागवावं ते शिकवलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मागच्याच महिन्यात हे सगळं मी मालकांना सांगितलं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना निम्मं उलटं झालेलं ऐकू येत होतं.

मुंबईच्या बंदरावर आत गेलो तर तो विमानतळासारखाच कारभार. रांगा, पट्टे, बॅगा तपासायची यंत्रं. काचेतून जहाज दिसत होतं. आमच्या भागातल्या साखर कारखान्याची चिमणी ठेवली तर ती त्याच्या निम्म्यात येईल, एवढं उंच. ते बघून मला एकदम रडू येईल असं वाटलं, कारण इतक्या जवळून परत जावं लागणं हे न येण्यापेक्षा वाईट होतं.

काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी होती. दिवसभर माणसं बघून तिचा चेहरा आंबला होता. तिनं तिकीट बघितलं, कार्ड बघितलं, मग मालकांचं काळंभोर डोकं बघितलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "वडील का तुमचे?"

मागं अजिनाथना खोकला आला. सुरेखानं पदर तोंडाला लावला.

"मालक हायत माझे," मी म्हटलं.

"शहात्तर?"

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वडील म्हटलेलं त्यांना फार लागलं. त्यांनी खिशातून ड्रायव्हिंग लायसन काढलं आणि काउंटरवर आपटलं. "ताई, हे बगा. ह्याच्यावर बगा माजं वय. अठ्ठावन्न."

मुलीनं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "म्हणजे आधार खोटं आहे?"

ती काही मोठ्यानं बोलली नव्हती. पण बाजूला खाकी कपड्यांतला एक बंदूकवाला उभा होता, त्याची मान वळली. अमृतसाहेब आमच्या मागं उभे होते, ते एक पाऊल मागं सरकले आणि एकदम त्यांना मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"न्हाई, न्हाई," मालक घाईघाईनं म्हणाले. "लायसन खोटं हाय."

म्हणजे तीस वर्षं खोट्या लायसनवर गाडी चालवली, हे त्यांनी बंदूकवाल्यासमोर कबूल केलं. त्या मुलीनं क्षणभर डोळे मिटून घेतले. ती वाईट नव्हती, दमलेली होती. "काका, मी लायसन बघितलंच नाही," ती म्हणाली. "खिशात ठेवा. तिकिटावर शहात्तर आहे, आधारवर शहात्तर आहे, म्हणजे तुम्ही शहात्तर. फिटनेस सर्टिफिकेट द्या."

सर्टिफिकेट अठ्ठावन्नचं होतं. ते माझ्या पिशवीत होतं, आणि मी पिशवी पोटाशी धरून ठेवली.

"न्हाई आणलं," मी म्हटलं.

"मग एकच मार्ग आहे." तिनं खालच्या कप्प्यातून एक फॉर्म काढला. "केअरटेकर म्हणून सोबतच्यानं सही करायची. म्हणजे या प्रवाशाची काळजी घेणारं माणूस. यांना व्हीलचेअरवरून न्यावं लागेल, हातात पिवळा पट्टा बांधू, पोहायच्या तलावावर जाता येणार नाही. चालेल?"

"मी खुर्चीत बसू?" मालक म्हणाले. मागं सगळे विक्रेते उभे होते, नगर जिल्ह्यातले सोळा, सोलापूरचे अकरा.

"नाही तर घरी जावं लागेल, काका."

मालक माझ्याकडं बघायला लागले. ही नजर मला ओळखीची आहे. दुकानात कृषी खात्याचा माणूस तपासणीला आला की ते अशीच बघतात, आणि मग मी पुढं होते.

"आना हिकडं," मी म्हटलं.

फॉर्म इंग्रजीत होता, मुलीनं मला वाचून दाखवला. तीन प्रश्न होते. प्रवासी स्वतः चालू शकतो का? स्वतःची औषधं स्वतः घेऊ शकतो का? स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतो का? प्रत्येकापुढं दोन चौकोन, हो आणि नाही. "तिन्ही हो असतील तर केअरटेकर मिळत नाही, मग सर्टिफिकेटच लागतं," ती म्हणाली. "निदान एक तरी नाही पाहिजे. काय खरं असेल ते भरा."

मालक माझ्या कानाशी आले. "पयल्यावर न्हाई कर. चालता येत न्हाई म्हन. गुडगं म्हन."

गुडघे. बॅगा उतरवल्यावर रांगेत अजिनाथच्या पुढं नंबर लागावा म्हणून हा माणूस टर्मिनलच्या दारापासून पळत आला होता. त्या मुलीनं बघितलं होतं, बंदूकवाल्यानं बघितलं होतं. त्यावर मी खोटं लिहू? आमच्या घरात एका माणसानं कागदावर खोटं लिहिलं, तेवढं पुरे होतं. औषधाचं म्हणाल तर त्यांना गोळीच नाही, आणि असती तर ती त्यांनी वेळेवर घेतली असती, स्वतःच्या जिवाला ते जपतात. राहिला तिसरा प्रश्न.

मी पेन हातात धरून प्रामाणिकपणे विचार केला. दुकानात कुठल्या कंपनीचा माल भरायचा ते मी ठरवते. धनश्रीला पुण्याला शिकायला पाठवायचं मी ठरवलं, तेव्हा मालक पंधरा दिवस रुसले होते आणि आता तेच सांगतात, मी पोरीला पुण्याला घातलं. बोअर कुठं घ्यायचा, जनावरं कधी विकायची, कुणाच्या लग्नाला काय न्यायचं, आज कुठला शर्ट घालायचा. चौतीस वर्षांत या माणसानं मला न विचारता, एकट्यानं, स्वतःच्या डोक्यानं घेतलेला एकच निर्णय मला आठवला. शहात्तर वर्षांचं व्हायचा.

तिसऱ्या प्रश्नापुढं मी 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली. मालन सूर्यभान, पूर्ण नाव, मराठीत.

मुलीनं फॉर्म घेतला. तिसऱ्या चौकोनावर तिचं बोट थांबलं. तिनं मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "नक्की, मावशी?"

"व्हय."

तिच्या आंबलेल्या तोंडावर पहिल्यांदा हसू आल्यासारखं वाटलं, पण ते तिनं शिक्का मारण्यात घालवलं. दोन्ही आधार कार्डं, दोन्ही तिकिटं आणि खोलीची दोन्ही कार्डं तिनं माझ्या हातात दिली. "सगळं तुमच्याकडंच ठेवायचं. यांना एकट्यांना कुठे सोडायचं नाही. जेवण, खोली, गोव्यात उतरायचं की नाही, आमची माणसं सगळं तुम्हालाच विचारतील. यांना विचारणार नाहीत."

"अवो पन..." मालक म्हणाले.

"आजोबा, तुम्ही बसा," ती म्हणाली. व्हीलचेअर आली होती.

मालक बसले. कुणीतरी त्यांच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. अजिनाथ जवळ येऊन फार गंभीरपणे म्हणाले, "सूर्यभानराव, तब्येतीला जपा." सुरेखानं माझ्याकडं बघितलं, आणि मग स्वतःच्या नवऱ्याकडं. तिला एक फॉर्म मिळाला असता तर बरं झालं असतं असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी खुर्ची ढकलायला लागले. सोपं असतं ते, चाकं चांगली होती.

पुलासारख्या चढावरून आम्ही वर निघालो. मालक मान न वळवता म्हणाले, "मालन, कितव्यावर खूण केली?"

"तिसऱ्या."

"पयल्यावर सांगितलं हुतं मी."

"सांगितलं हुतं."

त्यांना वाईट वाटलं, ते पाठीवरून कळत होतं. मलाही थोडं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाईटापेक्षा बरं जास्त वाटलं.

वर जहाजाचं दार आलं. आत उजेड होता, गालिचा होता, दोन्ही बाजूंना जिने होते, आणि गणवेशातला एक मुलगा हात जोडून उभा होता. मागून सगळे विक्रेते, त्यांच्या बायका, बॅगा येत होत्या. मालकांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, "मग आता कुटं जायचं?"

असं ते मला घरात रोज विचारतात. चारचौघांत चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि या वयात एवढ्याशा गोष्टीनं पाणी यावं याचा मला रागच आला. मागची माणसं खोळंबली तरी मी खुर्ची तिथंच थांबवली, नीट विचार केला आणि सांगितलं, "वर. जितनं समदं दिसतंय तितं."